पन्हाळा उघडत नाही

आमच्या घरातल्या संगणकांची नावे मी ठेवली. त्याआधी ते काम राजारामपुरीतल्या दुकानातला पोरगा करायचा. विंडोज मारून देताना नावाची चौकट आली की त्याच्या बोटाला येईल ते तो दाबे: यूजर, होम, एबीसी, एकदा तर नुसतेच कॉम. दोघांचे नाव एकच निघाले की नंतर सुरू होणारा संगणक कुरकुर करी, या नावाचा कुणीतरी नेटवर्कवर आधीच बसलाय म्हणून. शेवटी मीच बसलो. नाव १५ अक्षरांत बसवायचे होते. आप्पांचा संगणक पन्हाळा झाला, भिंतीपलीकडे काकांचा रंकाळा, आणि पुढे पोरांसाठी आला तो जोतिबा. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात मग रंकाळा हँग झाला, जोतिबाला व्हायरस लागला (देवा, क्षमा कर) अशी वाक्ये ऐकू येऊ लागली. सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येई ते एकच: पन्हाळा उघडत नाही.

तक्रार करायला जागा नव्हती. सिद्दी जौहर १६६० साली त्याच्या पायथ्याशी महिनोन् महिने तळ देऊन बसला होता. आम्ही माउसच्या दोन टिचक्यांत आत शिरू पाहत होतो.

भिंतीपलीकडे म्हणालो, ते असे. आप्पा आणि काका यांच्यात घराची वाटणी आधीच झाली होती. मधे विटांची भिंत उभी राहिली, जिना तेवढा दोघांचा राहिला. आप्पांनी निवृत्तीनंतर घरीच डीटीपी सुरू केले. लग्नपत्रिका, हँडबिले, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, मंडळांची वर्गणीची पावतीपुस्तके. काकांचे उद्यमनगरात लहानसे वर्कशॉप. ड्रॉइंगे आणि बिले ते रात्री घरी बसून करत. लेझर प्रिंटर एकच, तो आप्पांकडे. फ्लॉपीत १.४४ एमबी मावे आणि कोरलड्रॉमधली चार रंगांची एक पत्रिका त्याच्या दसपट भरे. म्हणून पोटमाळ्यावरून, भिंत जिथे छपराला टेकत नाही तिथून, एक क्रॉस केबल पलीकडे गेली. दोनच संगणक थेट जोडायचे तर तारांची जोडी एका टोकाला उलटवावी लागे. तिसरा आल्यावर हब घेतला आणि साध्या केबली टाकल्या. वाटणीनंतर दोन्ही भावांच्या मालकीची नवी वस्तू अशी ही पहिलीच. वाटणीविषयी काका आप्पांशी चकार शब्द बोलत नसत, पण जिन्यात मला गाठून म्हणायचे, “आरं, तुझ्या बापाला सांग, पन्हाळा बंद दिसालाय. बिलं काढायची हाईत माझी.”

विंडोजच्या त्या काळच्या घरगुती नेटवर्कला कुणी मालक नसे. जोडलेले संगणक आपल्यातल्या एकाला निवडत आणि कोण कोण हजर आहे याची यादी त्याने सांभाळायची. त्याला मास्टर ब्राउझर म्हणत आणि या निवडीला चक्क इलेक्शन. गोकुळ दूध संघाची निवडणूक पाहिलेल्या माणसाला ही फारच मिळमिळीत वाटेल, कारण ज्याचे विंडोज नवे त्याचे पारडे आधीच जड. निवडणुकीनंतर प्रत्येकाने दर १२ मिनिटांनी ‘मी आहे’ असा पुकारा करायचा. ओळीने तीन पुकारे चुकले की नाव कमी. म्हणजे ३६ मिनिटे. भारनियमनाच्या दिवसांत याची गंमत यायची. काकांचा यूपीएस गचका खाऊन बंद पडे, रंकाळा अंधारात जाई, तरी आमच्या पडद्यावर तो अर्धा तास ठणठणीत दिसे, मतदार यादीतल्या मयत मतदारासारखा. उलट समोर टेबलावर घरघरत असलेला संगणक कधी कधी यादीतच नसे. यादीवर विसंबायचे नाही, दोन उलट्या तिरप्या रेघा मारून सरळ १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता टाकायचा, हे आम्ही हळूहळू शिकलो. काका तर जेवताजेवता पलीकडून ओरडत, “पिंग मार रे जरा!”

खरा घोळ आवृत्त्यांचा. पन्हाळ्यावर विंडोज ९८ होते आणि रंकाळ्यावर एक्सपी आली. दोघांची कुलपे लावायची रीतच निराळी. ९८ ला माणसाशी देणेघेणे नसे. ते फोल्डरला पासवर्ड लावी, ज्याला ठाऊक त्याने आत यावे. एक्सपी दारात आधी विचारी, तू कोण? आप्पा पलीकडचे बिल उघडायला गेले की आयपीसी-डॉलर नावाच्या कसल्याशा वस्तूचा पासवर्ड मागणारी चौकट येई. असा पासवर्ड घरात कुणी ठेवलेलाच नव्हता. कोणताही शब्द टाका, चुकीचाच. तोडगा असा निघाला, की ९८ मध्ये शिरताना आप्पा जे नाव आणि जो पासवर्ड देत, त्याच नावाचे खाते काकांच्या एक्सपीवर उघडायचे. काका दोन दिवस अडून बसले. “माझ्या घरात त्याचं खातं कशाला?” मग वर्कशॉपची निकडीची बिले आली आणि खाते उघडले.

फाइल पलीकडे पोचली म्हणजे वाचता आली असे मात्र नाही. इंग्रजीत काम करणाऱ्याला एक उंबरठा ओलांडावा लागे, आपल्याला दोन. आप्पांचे सगळे काम श्रीलिपीत. त्या काळचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवत: इथे काना, तिथे अर्धा स, पलीकडे रफार. संगणकाच्या लेखी ती इंग्रजीच. फॉन्टमुळे मराठी दिसे. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली, की डोक्यावर टोप्या आणि ठिपके घेतलेल्या रोमन अक्षरांची जत्रा. शिवाय कोणता तुकडा कुठे बसवायचा हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवलेले. श्रीलिपीचा मजकूर आकृतीत कचरा, आकृतीचा सी-डॅकच्या सुरेखमध्ये कचरा. मंडळाचा सचिव फ्लॉपी घेऊन दारात आला की आप्पांचा पहिला प्रश्न फॉन्टचा असे. ‘शिवाजी’ असे उत्तर आले की ते कपाळाला हात लावत. महाराजांविषयी काही नव्हे. त्या नावाचा फॉन्ट फुकट मिळे, म्हणून तो सगळ्यांकडे असे, आणि त्याचा मांडणीक्रम श्रीलिपीशी कुठेच जुळत नसे.

तोडगा तोवर कागदावर तयार होता, याची मला अजून चुटपुट वाटते. भारतीय मानक ब्यूरोने भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण ठरवले १९९१ साली. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची, आणि तिच्यात देवनागरी होती. पुढे विंडोज २००० मध्ये आणि एक्सपीत ती आलीसुद्धा. पण इंग्रजी एक्सपी बसवली की ती निजलेली असे. कंट्रोल पॅनेलमध्ये खोल जाऊन एका चौकटीत खूण करायची, मग ती मूळ सीडी मागे, आणि सीडी तर दुकानात. शिवाय छापखान्याला लागणारा पेजमेकर युनिकोडची देवनागरी ओळखतच नसे. तेव्हा फॉन्टवाल्या कंपन्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. त्यांनी आपल्या गावोगावच्या छापखान्यांना खिळ्यांतून सोडवले. प्रत्येकीने मराठी आपल्या कपाटात ठेवली एवढेच, आणि किल्ली तिच्याकडेच राहिली.

ही किल्ली खरोखरची होती. आप्पांच्या मराठी सॉफ्टवेअरचे कुलूप म्हणजे प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टला मागून लावायची प्लास्टिकची डबी. ती काढली की सॉफ्टवेअर मुके. नंतरच्या संगणकांना तो पोर्टच राहिला नाही. पन्हाळ्यावर ९८ जाऊन एक्सपी आली आणि तिथेच थांबली. आप्पांनी जुन्याचा हट्ट धरला असे कुणी म्हणू नये. त्यांच्या आठदहा वर्षांच्या कामाचे दार त्या डबीतून उघडत होते, आणि डबी त्याच एका यंत्राला बसत होती.

मग काकांकडे विंडोज ७ आले, २००९ च्या दिवाळीनंतर. त्यात होमग्रुप नावाची सोय होती. घरातल्या घरात फाइली वाटायच्या, फक्त एक पासवर्ड टाकायचा. तो पासवर्ड विंडोजच बनवून देई आणि कागदावर लिहून ठेवा म्हणून सांगे. वहिनींनी तो गॅसच्या नोंदवहीत लिहिला. पण या घरगटात फक्त ७ ला आणि तिच्या पुढच्यांना जागा. त्याच छपराखालची एक्सपी गटाबाहेर. घर म्हणजे एका वर्षी घेतलेले चार सारखे संगणक, अशी समजूत करून घेतल्याशिवाय अशी सोय सुचणार नाही. आपल्याकडे संगणक उतरंडीने येतो. नवा कमावत्याकडे, त्याचा जुना पोरांकडे, पोरांचा आजोबांकडे. प्रत्येक घरात तीन काळ एकाच वेळी नांदतात. होमग्रुप २०१८ मध्ये विंडोज १० मधून काढून टाकला गेला. आमच्याकडे त्याचे कुणाला सुतक नव्हते.

काकांच्या ड्रॉइंगांचेही तेच रडगाणे होते, पण त्याला निदान उतारा होता. ऑटोकॅडची फाइल दर काही वर्षांनी रूप बदले, मात्र जतन करताना जुन्या आवृत्तीचे नाव निवडता येई. काका सगळे २००० च्या रूपात ठेवत आणि कोणत्याही गिऱ्हाइकाकडे ताठ मानेने जात.

एवढे सगळे करूनही एक्सपी, ७ आणि १० यांची बोलाचाली चालू होती, कारण तिघांनाही एक जुनी भाषा येत होती. एसएमबी हे तिचे नाव. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी ती घडवली, ती एका कचेरीतल्या ओळखीच्या यंत्रांसाठी. दारात कुणी चोर येईल हा विचार तेव्हा कुणाच्या मनात असणार? १२ मे २०१७ ला वॉनाक्राय आले आणि याच भाषेच्या पहिल्या आवृत्तीतल्या एका भगदाडातून जगभर पसरले. लोकांच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे ते दुखणे इंग्लंडच्या रुग्णालयांपर्यंत पोचले. भगदाड बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. पाठिंबा २०१४ च्या एप्रिलात संपलेल्या एक्सपीसाठीही त्यांनी आता ती घाईने काढली. त्याच वर्षीच्या शरदातल्या विंडोज १० मध्ये ती पहिली आवृत्ती नव्याने बसवताना येईनाशी झाली. जिथे आधीपासून होती तिथे आणखी एक तजवीज केली गेली. संगणक चालू असताना १५ दिवस ती कुणी वापरली नाही, तर विंडोज आपणहून तिला काढून टाकी.

आमचा जोतिबा तोवर १० वर आला होता. लग्नसराई संपली, पन्हाळ्याकडे कुणी फिरकले नाही, आणि एक दिवस पत्रिकेची जुनी फाइल काढायला गेलो तर पन्हाळा उघडेना. केबल ठीक, पिंगला उत्तर येतेय, दार मात्र बंद. या वेळी नकार जुन्याचा नव्हता. नव्याला जुनी भाषा कळत होती, ती बोलायची त्याला मनाई झाली होती. मनाईचे कारणही बिनतोड. मला राग येत होता आणि तो कुणावर काढावा हे सापडत नव्हते.

पुढे २०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. पाणी ५५ फुटांच्या वर गेले. दसरा चौक, व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली, सगळीकडे पाणी. शिरोलीपाशी महामार्ग बंद. पेठेत आम्ही कोरडे होतो. पाणी ओसरल्यावर ओळखीची माणसे आप्पांकडे येऊ लागली. कुणाच्या दुकानाची बिलबुके गेली, कुणाच्या पतसंस्थेचे जुने अहवाल, आणि ज्या संगणकात ते होते तोही चिखलात. “आप्पा, तुमच्याकडं आमचं काय असंल का बघा.” आप्पांकडे होते. वर्षावार फोल्डर, त्यात गिऱ्हाइकाच्या नावाचा फोल्डर, डी ड्राइव्हवर सगळे नीट लावलेले. पण ते पन्हाळ्याबाहेर काढायचे कसे? नेटवर्क तुटलेले. पेन ड्राइव्हने नेले तर पेजमेकरची फाइल उघडणारे यंत्र दुसरीकडे नाही आणि श्रीलिपी वाचणारेही नाही. आप्पा प्रिंट काढत, माणूस तिचा फोनवर फोटो घेई आणि व्हॉट्सॲपवर पुढे पाठवी. घरात इतक्या केबली टाकून शेवटी फाइल गावात गेली ती कागदावरून.

काकांची नात त्या वेळी कॉम्प्युटरला होती. २०२० च्या टाळेबंदीत ती घरी अडकली आणि तिने या प्रकरणात लक्ष घातले. तिने अडगळीतल्या एका खोक्यावर लिनक्स टाकले, त्यावर सांबा, आणि त्या यंत्राचे नाव ठेवले बिंदू चौक. सांबा ही ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांची करामत. कॅनबेराच्या विद्यापीठात शिकत असताना, १९९१-९२ च्या सुमारास, त्यांनी युनिक्सच्या यंत्राला पीसीची ही भाषा शिकवली, तीही तारेवरून जाणारी पाकिटे बघून बघून. तेव्हापासून ती फुकट मिळते. सांबानेही २०१९ पासून जुनी आवृत्ती बंदच ठेवली आहे, पण ती चालू करायची ओळ तुमच्या हातात आहे. पोरीने ती लिहिली. बिंदू चौक पन्हाळ्याशी जुन्या भाषेत बोले आणि जोतिबाशी नव्या, कूटबद्ध भाषेत. एकाने तिथे ठेवायचे, दुसऱ्याने तिथून उचलायचे. मग तिने पन्हाळ्याच्या नेटवर्क सेटिंगमधला गेटवेचा रकाना रिकामा केला.

“आप्पा, तुमचा पन्हाळा मी इंटरनेटवरनं तोडतो. आता त्यो बाहेर कुणाशी बोलणार न्हाई.”

“न बोलंना का. प्रिंटर चालू ठेव म्हंजे झालं.”

हे मला पटते. आवृत्त्यांच्या भांडणात जुन्याने बदलावे ही अपेक्षा वेडेपणाची आहे. त्याच्याकडे बदलायला काही नाही. वाकायचे नव्यानेच. पण त्यासाठी नव्या लॅपटॉपची कवाडे सताड उघडून ठेवा, जुनी आवृत्ती चालू करा, फायरवॉल बंद करा, असे जे सर्रास सुचवले जाते ते मला मंजूर नाही. ज्या यंत्रावर बँकेचा व्यवहार होतो ते एका पत्रिकेसाठी उघडे टाकायचे नसते. दोघांच्या मधे कुणीतरी बसवावे. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या आवृत्तीपासून तर सही नसलेले बोलणेही ते सहसा ऐकून घेत नाही आणि पाहुणा म्हणून येणाऱ्याला दारातूनच परतवते. हे वाढतच जाणार. विंडोज १० चाही पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे कालचा नवा जोतिबा आता आजोबांकडे जायच्या रांगेत आहे.

दुसरा उंबरठा मात्र बिंदू चौकाने ओलांडता आला नाही. श्रीलिपीचे युनिकोड करून देणारी साधने आहेत, काम बरेचसे बिनचूक होते, पण डोळ्यांत तेल घालून तपासावे लागते. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई, युनिकोडमध्ये ती नंतर येते, रफाराचे उलटे. जोडाक्षर आडवे आले की वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. अहवालात फार बिघडत नाही. नावांच्या यादीत बिघडते, कारण ते आडनाव काय होते हे सांगायला माणूस लागतो. आमच्याकडे ते माणूस आप्पा आहेत. वय ऐंशीच्या घरात. रोज सकाळी चहानंतर ते एक फाइल उघडतात, नात किंवा मी शेजारी बसतो, ते वाचून सांगतात, आम्ही दुरुस्त करतो आणि सोबत पीडीएफही काढून ठेवतो. काकाही अधूनमधून जिन्याने वर येऊन बसतात. वर्कशॉपची जुनी गिऱ्हाइके त्यांना नावानिशी पाठ आहेत.

तुमच्या घरी श्रीलिपीत, आकृतीत किंवा शिवाजी फॉन्टमध्ये लिहिलेले काही पडून असेल आणि तो संगणक अजून सुरू होत असेल, तर नेटवर्कच्या मागे नंतर लागा. आधी त्याची हार्ड डिस्क आहे तशी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या, फॉन्टच्या फाइलींसकट. मग ज्यांनी ते टाइप केले त्यांना शेजारी बसवून ते युनिकोडमध्ये आणा. हे येत्या मे महिन्याच्या सुट्टीतच करा.